दाढेची कॅप आणि तीन दातांचा ब्रिज : कोल्हापुरातील एका दंतचिकित्सालयाचा अनुभव

कोल्हापुरात राजारामपुरीच्या परिसरात पहिल्या मजल्यावर असलेल्या एका दंतचिकित्सालयात माझ्या वरच्या उजव्या दाढेवर कॅप (तासलेल्या दातावर बसवायचे कृत्रिम आवरण) आणि खालच्या डाव्या बाजूला, पूर्वी काढून टाकाव्या लागलेल्या दाढेच्या जागी, तीन दातांचा ब्रिज (शेजारच्या दोन दातांवरच्या कॅपना जोडलेला कृत्रिम दात) बसवून आता दीड वर्ष होत आले आहे. माझ्या पुतणीच्या पुढच्या दाताचे कामही त्यानंतर तिथेच झाले. दोन्ही बाजूंनी ज्वारीची भाकरी, भाजलेले शेंगदाणे आणि मटण असे घरातले नेहमीचे खाणे व्यवस्थित चालू आहे. बसवल्या दिवशी जवळजवळ प्रत्येक कॅप छानच दिसते. तिची खरी परीक्षा कॅपची कड आणि दात जिथे एकत्र येतात त्या रेषेवर, हिरडीच्या जरा आत, पुढच्या काही महिन्यांत आणि वर्षांत होते. म्हणून हे परीक्षण घाईने न लिहिता काही काळ जाऊ दिल्यावर लिहीत आहे.

उपचार करणाऱ्या डॉक्टर मॅडम प्रोस्थोडॉन्टिक्स, म्हणजे कृत्रिम दातांच्या शाखेत एमडीएस झालेल्या आहेत. साधी कॅप कोणताही बीडीएस डॉक्टर बसवू शकतो आणि अनेक जण ती उत्तम बसवतात. तरीही एकापेक्षा जास्त दातांचा प्रश्न असेल, चावा बदललेला असेल किंवा दात पडून बरीच वर्षे लोटली असतील, तर या शाखेतल्या तज्ज्ञाकडे जाण्याने फरक पडतो, असे माझे मत झाले आहे. माझ्या खालच्या दाढेची जागा बराच काळ रिकामी होती. अशा वेळी मागची दाढ हळूहळू पुढे कलते, वरची दाढ समोर आधार नसल्याने खाली उतरू लागते आणि त्या जागेचे हाड झिजत जाते. पहिल्या भेटीत मॅडमनी तोंडात पाहण्याबरोबरच दोन्ही जबड्यांची मापे घेऊन प्लॅस्टरचे साचे तयार केले आणि हे कलणे त्या साच्यांवर मला हातात देऊन दाखवले. मागची दाढ किती झुकली आहे आणि तिला किती ठिकाणी तासावे लागेल हे समजल्यावर पुढचे निर्णय घेणे सोपे गेले.

वरच्या दाढेचे रूट कॅनाल (दाताची नस काढून मूळ भरण्याचा उपचार) दुसरीकडे झाले होते आणि त्यावर कॅप बसवायची राहिली होती. रूट कॅनाल झाले, दुखणे थांबले, आता कॅपचा खर्च कशाला, असा प्रश्न घरोघरी विचारला जातो. कीड आणि उपचार यांमुळे दाढेचा मधला भाग पोकळ झालेला असतो, उरलेल्या भिंती पातळ असतात आणि चावताना त्या बाहेरच्या बाजूला फाकतात. मुळापर्यंत चीर गेली की ती दाढ काढण्यावाचून पर्याय राहत नाही. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, रूट कॅनालनंतर कॅप न बसवलेले दात कॅप बसवलेल्या दातांच्या तुलनेत सुमारे सहापट वेगाने गमावले गेल्याचे आढळले होते. अर्थात हे प्रत्येक दाताला सारखे लागू नाही. फारसा भाग न गेलेल्या पुढच्या दाताला रूट कॅनालनंतरही केवळ भरणी पुरू शकते, हे मॅडमनी आपण होऊन सांगितले. दाढेबाबत मात्र त्या ठाम होत्या. कॅपची कड भरणीवर न बसता खऱ्या दातावर बसावी, यासाठी सगळीकडून दीड ते दोन मिलिमीटर उंचीचा खरा दात शिल्लक असायला हवा, तेवढा नसेल तर कितीही महाग कॅप टिकणार नाही, हे त्यांनी एक्स-रेवर मोजून पाहिले आणि मगच कॅपचे बोलणे सुरू केले.

मटेरियल निवडताना बहुतेक ठिकाणी दरपत्रक पुढे केले जाते. इथे मटेरियलचे गुणदोष आधी आणि दर नंतर सांगितले गेले. आतून धातू आणि वरून सिरॅमिक असलेली कॅप १९६० च्या दशकापासून जगभर वापरात आहे आणि ती आजही वाईट नाही. मात्र तिला धातू आणि सिरॅमिक अशा दोन्ही थरांसाठी जागा लागते, त्यामुळे दात चावण्याच्या बाजूने दीड ते दोन मिलिमीटर तासावा लागतो. कालांतराने हिरडी खाली सरकली तर कडेला धातूची काळसर रेघ दिसते आणि कधी कधी वरच्या सिरॅमिकचा टवका उडतो. स्वस्त कॅपमधल्या धातूत निकेल असते, आणि कृत्रिम दागिन्यांनी ज्यांच्या अंगाला खाज सुटते त्यांनी हे डॉक्टरांना आधीच सांगायला हवे. झिरकोनिया हे यट्रिया नावाचा घटक मिसळलेले अतिशय कठीण सिरॅमिक आहे. अखंड झिरकोनियाची कॅप पातळ करता येते, त्यामुळे दाढेवरचा भाग एक मिलिमीटरच्या आसपास तासूनही काम भागते. हिच्याबद्दल मला न विचारता सांगितलेली गोष्ट अशी की, बसवताना घासावी लागलेली झिरकोनिया पुन्हा नीट पॉलिश केली नाही, तर तिचा खरखरीत पृष्ठभाग समोरच्या नैसर्गिक दाताला झिजवत राहतो. गुळगुळीत पॉलिश केलेली झिरकोनिया समोरच्या दाताशी सौम्य वागते. मी दोन्हीकडे झिरकोनिया निवडली.

दात तासण्याच्या दिवशी दुखले नाही, कारण खालच्या बाजूला भूल पूर्ण चढल्याची खात्री होईपर्यंत मॅडम थांबल्या. त्यानंतरचा भाग बहुतेक रुग्णांच्या लक्षातही येत नाही, पण माझ्या मते याच टप्प्यावर दवाखान्याची पारख होते. तासून झाल्यावर दात आणि हिरडी यांच्यामधल्या फटीत औषधात भिजवलेला बारीक दोरा एका बोथट हत्याराने हळूहळू सरकवला गेला. काही मिनिटांत हिरडी बाजूला सरली आणि तासलेल्या दाताची कड सर्व बाजूंनी उघडी पडली. मॅडमनी ती मला आरशात दाखवली. पांढऱ्या दाताभोवती एक अखंड, स्वच्छ, एकसारख्या रुंदीची पायरी फिरलेली दिसत होती. लॅबमध्ये बसलेल्या तंत्रज्ञाला रुग्णाचे तोंड दिसत नाही, त्याला फक्त माप दिसते. मापात ही पायरी कुठे अर्धवट आली, तर तो अंदाजाने कड तयार करतो आणि मग कॅप कडेला उघडी राहते. कॅप आणि दात यांच्यामधली फट शक्यतो १२० मायक्रॉनच्या (०.१२ मिलिमीटरच्या) आत असावी, असा निकष या शास्त्रात १९७१ पासून मानला जातो. तिथे सिमेंट उघडे पडले तर ते झिजते, जंतू आत शिरतात आणि कॅपखाली कीड लागते. रूट कॅनाल झालेल्या दाताला कळ येत नसल्याने ती कीड कळतही नाही, आणि झिरकोनियातून एक्स-रे पार जात नसल्याने कॅपच्या आत काय चालले आहे ते फोटोतही दिसत नाही. ब्रिजच्या मापात मागच्या दाढेजवळ एक बारीक बुडबुडा आला होता. मॅडमनी ते माप भिंगातून पाहून बाजूला ठेवले, पुन्हा दोरा बसवला आणि पुन्हा माप घेतले. बाहेर रुग्ण थांबलेले असतानाही हे केले गेले, याचे मला विशेष वाटते.

कॅमेऱ्याने तोंडाचे स्कॅन करण्याचे यंत्र या दवाखान्यात नाही, मापे सिलिकॉनच्या पुट्टीनेच घेतली जातात. यंत्र नाही म्हणून काम कमी दर्जाचे, असे समजण्याचे कारण नाही, कारण ओली किंवा रक्ताळलेली कड स्कॅनरलाही दिसत नाही. पुट्टीने ज्यांना उमासे येतात त्यांनी मात्र स्कॅनर असलेला दवाखाना शोधावा. पुढचे काम लॅबमध्ये संगणकावरच होते. कच्च्या झिरकोनियाच्या ठोकळ्यातून कॅप मुद्दाम मूळ मापापेक्षा पाचव्या हिश्श्याने किंवा थोडी अधिक मोठी कोरली जाते आणि सुमारे १५०० अंश सेल्सिअसला भट्टीत भाजल्यावर आकसून मूळ मापाला येते. दातांचा संगणकीय आराखडा काढून लगेच यंत्रात कोरण्याची ही पद्धत १९८५ मध्ये झुरिच विद्यापीठात रुग्णावर पहिल्यांदा वापरली गेली. आज कोल्हापूर-सांगलीचे कामही याच पद्धतीने होते, ही समाधानाची बाब आहे.

तयार होऊन आलेली वरची कॅप पाहताना मला तरी त्यात काही खोट दिसली नाही. रंग जुळला होता, चावाही ठीक वाटत होता. मॅडमनी ती न चिकटवता नुसती बसवली आणि शेजारच्या दोन्ही दातांच्या मधून फ्लॉसचा धागा खाली ओढला. पुढच्या बाजूला धागा किंचित अडकून टक् करून खाली गेला, तसाच तो जायला हवा. मागच्या बाजूला मात्र तो न अडकता सहज निसटला. म्हणजे त्या बाजूला कॅप शेजारच्या दाढेला टेकत नव्हती. तिथे रोज मटणाचा धागा नाहीतर पालेभाजीची शीर अडकली असती, हिरडी सुजली असती आणि काही वर्षांनी दोन्ही दाढांच्या मधले हाड खचले असते. त्यांनी कडेचा एक्स-रे काढून पाहिला, लॅबला फोन केला आणि कॅप परत पाठवली. नव्याने आलेल्या कॅपलाही तीच चाचणी दिली गेली. मग निळा कागद दातांमध्ये धरून चावायला लावले, जबडा डावी-उजवीकडे सरकवून चावायला लावले, जिथे ठिपका गडद उमटला तिथे बारीक घासले, आणि शेवटी त्याहून कितीतरी पातळ अशी धातूची पट्टी धरून पाहिली. घासलेल्या जागी रबराच्या चाकांनी पॉलिश करून मगच कॅप चिकटवली. मधल्या दिवसांसाठी बसवलेली ॲक्रिलिकची तात्पुरती कॅप एकदा निघाली होती, ती पैसे न घेता त्याच दिवशी पुन्हा बसवून दिली.

ब्रिजचा निर्णय अधिक अवघड होता, आणि या दवाखान्याबद्दलचा माझा आदर त्या चर्चेने वाढला. एक दात पडला की त्याच्या दोन्ही बाजूंचे दात तासून त्यांवर कॅप बसवायच्या आणि मधला दात त्या दोन कॅपना जोडून लटकता ठेवायचा, ही ब्रिजची रचना आहे. यात पडलेल्या एका दातासाठी दोन दातांचे दंतवल्क, म्हणजे वरचे कठीण आवरण, कायमचे जाते. ते पुन्हा येत नाही. तासलेल्या जिवंत दातांपैकी काहींची नस पुढे मरते आणि त्यांना रूट कॅनाल करावे लागते. म्हणून शेजारचे दोन्ही दात निर्दोष असतील आणि हाड पुरेसे असेल, तर आपण आधी इम्प्लांट (हाडात बसवायचे कृत्रिम मूळ) सुचवतो, असे मॅडमनी स्पष्ट सांगितले. माझ्या बाबतीत मागच्या दाढेत मोठी चांदी भरलेली होती आणि तिच्या एका भिंतीला चीर होती, पुढच्या उपदाढेतही जुनी मोठी भरणी होती, आणि रिकाम्या जागेचे हाड इतके अरुंद झाले होते की इम्प्लांटसाठी आधी हाड वाढवण्याची शस्त्रक्रिया लागली असती. ज्या दोन दातांना नाहीतरी पुढे-मागे कॅप लागणार होती, त्यांच्यावर ब्रिज बसवण्यात नवीन नुकसान थोडे होते. टिकण्याच्या दृष्टीनेही दोन्ही उपाय जवळपास सारखे ठरतात. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात दोन्ही बाजूंनी आधार असलेले नेहमीचे ब्रिज आणि इम्प्लांटवरील एकेक कॅप यांचे दहा वर्षे टिकण्याचे प्रमाण प्रत्येकी सुमारे ८९ टक्के आले होते. एकाच बाजूने आधार घेऊन लटकवलेल्या ब्रिजचे प्रमाण मात्र ८० टक्क्यांच्या आसपास होते. पैसे वाचवण्यासाठी फक्त पुढच्या दाताचा आधार घेऊन दाढ लटकवता येईल का, असे मी विचारले होते. दाढेवर येणारा जोर पाहता मॅडमनी त्याला नकार दिला.

आधाराच्या दातांच्या मुळांचे एकूण क्षेत्रफळ पडलेल्या दातांच्या मुळांपेक्षा कमी नसावे, असा १९२६ पासूनचा एक जुना ठोकताळा आहे. उपदाढ आणि मागची दाढ मिळून तो माझ्या बाबतीत पूर्ण होत होता. त्याशिवाय झिरकोनियाच्या ब्रिजमध्ये दोन दातांना जोडणाऱ्या भागाचा छेद किमान ९ चौरस मिलिमीटर असावा लागतो, नाहीतर ब्रिज नेमका तिथेच मोडतो. माझी मागची दाढ उंचीने बुटकी असल्याने एवढी जागा मिळते का, हे साच्यावर आधी मोजले गेले. समोरची वरची दाढ थोडी खाली उतरली होती, तिचे टोक किंचित घासून घ्यावे लागेल हेही आधी सांगून, संमती घेऊन मगच केले.

मधल्या कृत्रिम दाताचा तळ कसा आहे याकडे रुग्णाचे लक्ष जात नाही, पण रोजची स्वच्छता त्यावर अवलंबून असते. हा तळ हिरडीवर खोगिरासारखा दोन्ही बाजूंनी बसवला तर त्याखाली अन्न कुजते आणि कितीही घासले तरी वास जात नाही. माझ्या ब्रिजचा तळ फुगीर आणि चकचकीत असून हिरडीला बाहेरच्या बाजूने जेमतेम टेकतो. ब्रिजचे तीन दात एकमेकांना जोडलेले असल्याने नेहमीचा फ्लॉस वरून आत जात नाही. टोक कडक असलेला फ्लॉस बाजूने ओवून कृत्रिम दाताखालून फिरवावा लागतो, आणि मागच्या दाढेजवळ छोटा इंटरडेंटल ब्रश (दातांमधल्या फटीत घालायचा ब्रश) वापरावा लागतो. हे दोन्ही मॅडमच्या सहायक ताईंनी आरसा हातात देऊन शिकवले आणि पुढच्या भेटीत माझ्याकडून करून घेतले. या ताईंचे काम मला फार मोलाचे वाटते.

माझ्या पुतणीच्या वरच्या पुढच्या दोन मोठ्या दातांपैकी डाव्याच्या शेजारचा छोटा दात जन्मतःच नव्हता. तारा लावून जागा तयार झाल्यावर आम्ही तिला घेऊन गेलो, तेव्हा माझ्यासारखाच तीन दातांचा ब्रिज लगेच करून टाकावा, असे घरात सगळ्यांचे मत होते. मॅडमनी तसे करण्यास नकार दिला. एकोणीस वर्षांच्या मुलीचे दोन धडधाकट दात तासणे त्यांना मान्य नव्हते, आणि त्या वयात इम्प्लांटची घाईही त्यांना नको होती. त्यांनी मेरीलँड पद्धतीचा ब्रिज सुचवला. त्यात कृत्रिम दाताला मागच्या बाजूने एक पातळ पंख असतो आणि तो शेजारच्या दाताच्या टाळूकडील बाजूला रेझिन सिमेंटने चिकटवतात. अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठात १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला विकसित झालेल्या या पद्धतीत पूर्वी दोन्ही बाजूंना धातूचे पंख असत. त्यांतला एक सुटला तरी दुसऱ्यामुळे ब्रिज जागेवरच राहायचा आणि सुटलेल्या पंखाखाली नकळत कीड लागायची, म्हणून आता पुढच्या दातांसाठी झिरकोनियाचा एकच पंख ठेवण्याकडे कल आहे. रंग ठरवताना मॅडमनी दिव्याखाली न पाहता तिला खिडकीशी उभे केले, शेड गाइडमधल्या (दातांच्या रंगछटांच्या नमुन्यांमधल्या) दोन पट्ट्या दाताशेजारी धरून फोटो काढले आणि ते लॅबला पाठवले. बसवण्याच्या दिवशी लाळ लागू नये म्हणून रबराचा पडदा लावून काम केले. या कामाचे बिल त्यांनी स्वतः सुचवलेल्या कमी खर्चाच्या उपायाप्रमाणेच आले. तीन कॅपचा ब्रिज करून त्यांना अधिक पैसे सहज मिळाले असते.

दरांबद्दल सांगायचे तर, मी गेलो तेव्हा धातू-सिरॅमिकची कॅप ४,५०० रुपये आणि झिरकोनियाची ९,००० रुपये होती. ब्रिजचा दर दातागणिक लागतो, म्हणजे एक दात पडलेला असला तरी हिशेब तीन दातांचा होतो, आणि माझ्या ब्रिजचे २७,००० रुपये झाले. हे दर गावातल्या सर्वांत स्वस्त दवाखान्यांपेक्षा जास्त आहेत, पण परत पाठवलेली कॅप, दुसऱ्यांदा घेतलेले माप आणि नंतरच्या तपासण्या यांचे वेगळे पैसे घेतले गेले नाहीत. कॅपबरोबर लॅबचे वॉरंटी कार्ड मिळते. त्यावर छापलेली दहा-पंधरा वर्षे ही मटेरियल तुटण्यापुरती असतात. कॅपखालच्या दाताला कीड लागली किंवा हिरडीचा आजार झाला, तर त्या कार्डाचा उपयोग नाही, हे प्रत्येक दवाखान्याने रुग्णाला कार्ड देतानाच सांगायला हवे.

तक्रारीच्याही काही गोष्टी आहेत. सुरुवातीचा खर्चाचा अंदाज मला तोंडी सांगितला गेला. लेखी मागितल्यावर तो मिळाला, पण तो न मागता मिळायला हवा. बिलावर मटेरियल आणि लॅबचे नाव नव्हते, तेही सांगून लिहून घ्यावे लागले. दिलेल्या वेळेपेक्षा बराच उशीर होतो, विशेषतः संध्याकाळी, आणि बसायची जागा अपुरी आहे. सर्वांत मोठी अडचण जिन्याची आहे. लिफ्ट नाही आणि पायऱ्या उंच आहेत. कॅप-ब्रिजची गरज ज्यांना जास्त असते त्या वयाच्या माणसांना हा जिना चढणे कठीण जाते. मॅडमनी तळमजल्यावर जागा पाहावी, असे मी त्यांना सांगितलेही आहे.

एवढा खर्च परवडत नसेल, तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालये आणि मुंबईतील नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय येथे ही कामे बरीच कमी खर्चात होतात. तिथे विद्यार्थी अध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात, त्यामुळे वेळ अधिक लागतो, मात्र प्रत्येक टप्पा तपासला जातो. बाजाराच्या ठिकाणी नोंदणी नसलेले लोक तारेने आणि ॲक्रिलिकने शेजारच्या दातांना चिकटवून 'फिक्स दात' बसवतात, ते काही झाले तरी टाळावे. त्याखाली स्वच्छता करता येत नाही, हिरडी सडते आणि चांगले दातही हलू लागतात. कायद्यानुसार नोंदणी असलेल्या डॉक्टरांनीच हे काम करायचे असते, आणि दवाखान्यात लावलेला नोंदणी क्रमांक पाहण्याचा प्रत्येक रुग्णाला अधिकार आहे.

रात्री दात खाण्याची सवय असलेल्यांनी ती पहिल्याच भेटीत सांगावी, म्हणजे कॅपबरोबर नाइट गार्डचाही (झोपताना दातांवर घालायच्या संरक्षक आवरणाचाही) विचार होईल. पुढच्या दातांचे काम असेल तर सकाळची वेळ मागून घ्यावी. उजेड चांगला असतो, गर्दी कमी असते आणि मॅडमना रंग ठरवायला हवा तेवढा वेळ मिळतो.